कुरडईचा चीक आणि सोन्याचा पडदा

गेल्या अंकात जपानी घडीच्या पडद्यांवर मी अर्धं पान लिहिलं होतं. खरं सांगायचं तर जागा भरायची होती म्हणून. त्यावर जेवढी पत्रं आली तेवढी या सदराला वर्षभरात आली नसतील. त्यातली सहा आज घेते.

ज्यांनी तो मजकूर पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: या पडद्याला जपानीत ‘ब्योबू’ म्हणतात, म्हणजे वारा अडवणारा. दोन, चार किंवा सहा उभी पानं एकमेकांना जोडलेली, नागमोडी उभी राहणारी, बहुधा जोडीनं बनवलेली आणि रंगवलेली. ‘पानं’ हा शब्द माझा. रविवार कारंजाच्या मागच्या गल्लीत वडिलांचं बायंडिंगचं दुकान होतं, त्यामुळे कुठलीही सपाट वस्तू मला पानच वाटते. पुढे क्योटोतल्या एका कार्यशाळेत मी दीड वर्ष कागद दुरुस्तीचं काम शिकले. आता गंगापूर रोडला घराच्या पुढच्या खोलीत जुनी पुस्तकं, नकाशे, सनदा आणि क्वचित असा एखादा पडदा दुरुस्त करत बसते.

प्रश्न: ताई, माझे मोठे दीर एका जपानी कंपनीतून निवृत्त झाले तेव्हा तिथल्या साहेबांनी त्यांना दोन पानांचा सोनेरी पडदा भेट दिला. त्यावर निळी फुलं आहेत. आम्ही तो भिंतीवर सपाट ठोकून घेतला आणि वर तीन स्पॉटलाइट लावले. या पावसाळ्यात मधल्या सांध्याशी कागद फुगलाय, एका कोपऱ्याला चीर गेलीय. सोनं खरं आहे का, आणि हे नीट कसं करायचं? (कॉलेज रोड)

उत्तर: ‘ठोकून घेतला’ वाचलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला.

आधी तो भिंतीवरून उतरवा. दोघांनी, स्क्रू सोडवून, ओढून नाही. तुमच्या पडद्याच्या आत फळी नाही. आत बारीक लाकडी पट्ट्यांची जाळी असते, सीडरसारख्या हलक्या लाकडाची, आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी कागद ताणून बसवलेला असतो. बोटानं हलकेच टिचकी मारा, ढोलकीसारखा आवाज येईल. हलकेच म्हणजे हलकेच. क्योटोत दुसऱ्याच आठवड्यात माझं कोपर एका कोऱ्या पानातून आरपार गेलं होतं. गुरुजी काही बोलले नाहीत, फक्त कात्री आणि कागद माझ्यापुढे ठेवून गेले. तो दिवस आठवला की अजून कान तापतात.

अशी पोकळ वस्तू हवेबरोबर हलते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात कपाटाची दारं फुगून बसतात आणि डिसेंबर-जानेवारीत तीच खडखड वाजतात, तसंच. पडदा मोकळा उभा असेल तर तो थोडा फुगतो, थोडा आक्रसतो, कुणाला कळतही नाही. तुम्ही त्याला चार कोपऱ्यांत बांधून टाकलंत. मग त्याला कुठेतरी फाटणं भागच होतं.

चीर गेली तिथे सेलोटेप नको, फेविकॉल तर मुळीच नको. फेविकॉल एकदा वाळला की नुसत्या पाण्यानं सुटत नाही आणि पुढचा दुरुस्त करणारा तुम्हाला शिव्या देतो. हे मी शहाणपणानं सांगत नाही, चूक करून सांगते. काही वर्षांपूर्वी देवळालीच्या एका घरचा पडदा माझ्याकडे आला. ऑगस्ट महिना, गिऱ्हाईकाला घाई. मी नेहमीपेक्षा दाट खळ आणि जाड यंत्राचा कागद वापरून सांधा घट्ट करून दिला. दिसायला झकास. जानेवारीत फोन आला, “मॅडम, तुमचा पडदा पापडासारखा वळलाय.” निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या येतात ना, त्याच आठवड्यात. हवा कोरडी पडली, माझा जाड कागद आक्रसला आणि त्यानं अख्खं पान ओढून घेतलं. सगळं सोडवून पुन्हा केलं, अर्थात फुकट. म्हणून तुमच्या पडद्याचं काम मी पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या सुमारास हातात घेईन. तोवर तो घडी घालून, चित्रं आतल्या बाजूला ठेवून, धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळून उभा ठेवा. प्लॅस्टिकमध्ये नको, आत घाम धरतो. ओल्या बाहेरच्या भिंतीला टेकवूनही नको.

आता सोनं. कृपा करून सराफ बाजारात नेऊन कसोटीवर घासू नका. नीट पाहिलंत तर सोनेरी जमिनीवर पुसट चौकोन दिसतील. ते वर्खाचे जोड. जपानी सोन्याच्या वर्खाचं नेहमीचं माप जवळपास ११ सेंटिमीटर, आणि नकली पितळी वर्ख बहुधा १४ सेंटिमीटरचा येतो. पट्टी लावून मोजा. ही खूण आहे, पुरावा नाही. दुसरी खूण काळाची: खरं सोनं काळवंडत नाही, पितळेच्या वर्खाला कडांशी तपकिरी-हिरवट झाक येते. खरं असलं तरी तोळ्यात मोजायला जाऊ नका. हा वर्ख मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा पातळ असतो. जपानात जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख कानाझावा या एकाच शहरात बनतो.

निळी फुलं बहुधा आयरिसची असतील. क्योटोतल्या कापडाच्या मोठ्या पेढीवर वाढलेला ओगाता कोरिन (१६५८–१७१६) नावाचा चित्रकार होऊन गेला. त्याचे आयरिसचे सहा-सहा पानांचे दोन पडदे टोकियोच्या नेझू संग्रहालयात आहेत. बाहेरच्या बागेत तीच फुलं उमलतात त्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, ते दाखवायला काढतात. नुसतं सोनं, निळा, हिरवा. बाकी पाणी नाही, आभाळ नाही. फुलांचे काही झुपके तर साचा लावून पुन्हा पुन्हा काढलेले आहेत. आमच्या येवल्याच्या पैठणीच्या काठावर तोच मोर परत परत येतो आणि तरी कंटाळा येत नाही, तसं. कापडवाल्याचा मुलगा होता, त्याला ते बरोबर कळलं होतं. तुमचा पडदा त्याच घराण्याच्या धर्तीवरचा असणार.

आणि ते तीन स्पॉटलाइट काढा. हे सोनं उजेडात दाखवायला लावलेलं नव्हतं, अंधाऱ्या खोलीत उजेड फेकायला लावलेलं होतं. पडदा दुरुस्त झाला की जमिनीवर ठेवा, पानं नीट वाकवून. संध्याकाळी मोठे दिवे घालवून एक समई लावा आणि समोर सतरंजीवर बसा. मग मला लिहा.

प्रश्न: ताई, मी पंचवटीत सुतारकाम करतो. एका गिऱ्हाईकानं मोबाईलवर फोटो दाखवून तसाच जपानी पडदा मागितला. मी बारा एमएम प्लाय, पितळी बिजागऱ्या, सगळं एक नंबर केलं. पण तो एकाच बाजूला वळतो, जड झालाय, आणि मधल्या फटीतून चित्र तुटल्यासारखं दिसतं. फोटोत बिजागरी कुठेच दिसत नाही. ती कुठे असते? (पंचवटी)

उत्तर: दादा, बिजागरी आहे, पण ती कागदाची आहे. मला या सगळ्या पत्रांत तुमचंच पत्र सगळ्यात आवडलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जत्रेत ‘जादूचं पाकीट’ मिळायचं, आठवतं? दोन पुठ्ठे, मध्ये आडव्या-तिरक्या फिती. एका बाजूनं उघडलं की नोट फितीखाली, दुसऱ्या बाजूनं उघडलं की नोट वर. ते पाकीट दोन्ही बाजूंनी उघडतं, कारण एक फीत पुढून मागे जाते आणि तिच्या शेजारची मागून पुढे येते. ब्योबूचा सांधा हाच. पहिल्या पानाच्या पुढच्या अंगावर चिकटवलेली कागदी पट्टी फटीतून मागे जाते आणि दुसऱ्या पानाच्या मागच्या अंगावर बसते. तिच्या लगेच खालची पट्टी उलटी. त्याखालची पुन्हा सुलटी. अशा पट्ट्या पानाच्या डोक्यापासून पायापर्यंत एकमेकींना लागून. त्यामुळे पडदा आतही वळतो आणि बाहेरही, पानं एकमेकांना चिकटून राहतात, आणि फट उरतच नसल्यानं वाराही येत नाही. चित्र एका पानावरून दुसऱ्या पानावर सलग धावतं.

हे काही पहिल्यापासून नव्हतं. पडदा मुळात चीनमधून, कोरियामार्गे जपानात गेला. नारा इथे शोसोइन नावाचं राजकोठार आहे. ७५६ साली राणी कोम्यो हिनं आपल्या निवर्तलेल्या पतीच्या वस्तू तिथल्या महाबुद्धाला अर्पण केल्या, त्या यादीत शंभर पडदे आहेत. त्या काळी प्रत्येक पानाला स्वतःची वेगळी किनार असायची आणि पानं दोऱ्यांनी किंवा चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलेली असत. म्हणजे सहा पानं म्हणजे सहा वेगळी चित्रं. साधारण चौदाव्या शतकात जपानात कागदी बिजागरी रुळली, मधल्या किनारी गेल्या, आणि चित्रकाराच्या हाती एकदम साडेतीन मीटर रुंदीची जमीन आली. एका बिजागरीनं अख्खी चित्रकला बदलली, असं मी म्हणते. माझे काही चित्रकार मित्र नाक मुरडतात. मुरडू देत, मी बायंडरची मुलगी.

आता तुमचं प्लाय. ते जाऊ द्या. हलकं, वाळलेलं, सरळ रेघांचं लाकूड घ्या, बारीक पट्ट्या काढा, अर्ध्या खाचेचे सांधे करून जाळी बनवा. त्यावर कागदाचे थर चढवायचे, साधारण सहा-आठ. जपानी कारागिरांनी या थरांना नावं दिलीत ती ऐका. पहिला थर ‘हाडं बांधण्याचा’: कागद जाळीच्या प्रत्येक पट्टीला घट्ट चिकटतो, त्यामुळे चौकट तिरकी होत नाही. मग येतो ‘मिनो’ थर. मिनो म्हणजे पावसात अंगावर घ्यायचं गवताचं इरलं. तुम्ही त्र्यंबक-पेठेकडचे असाल तर लगेच कळेल: कागद एकावर एक चढवत न्यायचे, इरल्याच्या पानांसारखे, आणि खळ फक्त वरच्या कडेला. बाकी कागद मोकळा. सगळ्यात वर ‘पिशवी’ थर: कागदाच्या फक्त चारी कडांना बोटभर खळ, मधलं सगळं कोरडं. चित्र या पिशवीवर बसतं. म्हणजे चित्र लाकडाला कुठेच थेट चिकटलेलं नसतं, हवेवर तरंगत असतं. लाकूड ओढाताण करेल ती खालचे मोकळे थर सोसतात.

पिशवी थर लावताना कागदावर पाण्याचा फवारा मारतात. संध्याकाळी तो ओल्या धोतरासारखा ढिला, सुरकुतलेला दिसतो, आणि नवशिक्याला रडू येतं. सकाळी येऊन बघावं तर ताणून टणटणीत.

कागद मात्र कसाही चालत नाही. ते कोझो झाडाची साल वापरतात, आपल्या तुतीच्या कुळातलं झाड. तंतू लांबलचक. फाडला तर कडेला केस निघतात. दौलताबादजवळ कागजीपुऱ्यात हातकागद अजून होतो. तो मी आतल्या थरांना वापरून पाहिलाय, बरा बसतो. सांध्याच्या पट्ट्यांना मात्र त्याचे तंतू आखूड पडतात, तिथे कोझोच मागवा.

आणि खळ. इथे तुम्ही घरात विचारा, माझ्यापेक्षा जास्त माहिती मिळेल. माझे वडील मैद्याची खळ शिजवायचे आणि कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकायचे. तिसऱ्या दिवशी गल्लीभर वास. क्योटोत पहिल्या दिवशी गुरुजींनी पांढऱ्या पावडरीची वाटी पुढे केली आणि गव्हातला चिकटा धुऊन काढून उरलेलं सत्त्व कसं मिळवतात ते हातवारे करून सांगायला लागले. मी म्हटलं, अरे, हा तर कुरडईचा चीक! गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, गाळायचा, खाली बसलेलं पांढरंशुभ्र ते घ्यायचं. आमच्या आईनं दर उन्हाळ्यात गच्चीवर हेच केलं. फरक इतकाच की आपण चीक शिजवून कुरडया घालतो आणि उरलेला पोरं साखर-दूध घालून खातात, ते तो शिजवून, गाळून, पाणी घालून दुधाइतका पातळ करतात आणि कागदाला लावतात. चिकटा काढून टाकल्यानं खळ मऊ राहते, आणि पाण्यानं सुटते. शंभर वर्षांनी कुणाला पडदा उकलायचा असेल तर नुसतं ओलं करावं. गुंडाळीच्या चित्रांसाठी तर ते कडाक्याच्या थंडीत शिजवलेला चीक मडक्यात भरून, वर पाणी ठेवून, दर वर्षी ते पाणी बदलत दहा-दहा वर्षं मुरवतात. इतका मुरला की तो जवळजवळ चिकटतच नाही, आणि त्यांना तेच हवं असतं. लोणच्यापलीकडे दहा वर्षं काही मुरवावं हे मला तोवर सुचलं नव्हतं.

पडद्याच्या पाठीकडेही बघा. जुन्या पडद्यांच्या मागे बहुधा छापील कागद असतो, त्यावर चिमण्यांची नक्षी. कुणी पाहणार नाही त्या बाजूला शेकडो चिमण्या.

गिऱ्हाईकाकडून पैसे मात्र वाढवून घ्या. आणि जपानी भाषेत पडद्याची पानं मोजताना ‘सहा वाकणं’ असं म्हणतात. त्यांची एक म्हणही आहे: व्यापारी आणि पडदा वाकल्याशिवाय उभे राहत नाहीत. गिऱ्हाईकाशी बोलताना उपयोगी पडेल.

प्रश्न: मुलीच्या लग्नात डेकोरेटर म्हणतोय स्टेजमागे ‘जपानी गोल्डन स्क्रीन’ लावू. दिसायला छान आहे, पण आपल्या लग्नात त्याचं काय काम? जपानात खरंच लावतात, की हे सगळं डेकोरेटरचं डोकं? (इंदिरानगर)

उत्तर: डेकोरेटरला एक गुण द्या. जपानात लग्नाच्या हॉलमध्ये जोडप्यामागे कोरा सोनेरी पडदा असतो. बक्षीस समारंभात असतो, मोठ्या पत्रकार परिषदेत असतो. ३ मार्चला मुलींच्या सणाला बाहुल्यांचा दरबार मांडतात, त्यात राजा-राणीच्या बाहुल्यांमागे वीतभर उंचीचा सोनेरी पडदा ठेवतात. ज्याच्यामागे पडदा तो आज मोठा, एवढा साधा हिशोब. आपलं मखर दुसरं काय करतं?

गंमत म्हणजे आपल्या लग्नातही पडदा आहेच. अंतरपाट. तो दोघांच्या मध्ये, त्यांचा दोघांच्या मागे. आपला काही मिनिटांचा आणि ‘सावधान’ झालं की बाजूला होणारा, त्यांचा शेवटपर्यंत उभा. मुलीला सांगा, दोन्ही ठेवायला हरकत नाही.

पूर्वी त्यांच्याकडे प्रत्येक प्रसंगाला पडदा वेगळा असायचा. मोठ्या घरात बाळंतिणीच्या खोलीत पांढरे पडदे लावत, चित्रही पांढऱ्यावर पांढरं. उशाशी वारा लागू नये म्हणून एक बुटका पडदा. चहाच्या समारंभात शेगडी आणि किटलीच्या मागे दोन पानांचा, गुडघ्याएवढा. हा शेवटचा मला फार आवडतो, कारण त्याचं काम इतकंच की पाहुण्याची नजर किटलीवर ठरावी. आणि क्योटोत जुलैत गिओन उत्सवाच्या आधीच्या संध्याकाळी जुन्या व्यापारी पेठेतली घरं रस्त्याकडची खोली उघडून घराण्याचे पडदे मांडतात, येणारे-जाणारे उंबऱ्याबाहेरून बघत जातात. मी तिथे उभी होते तेव्हा मला भद्रकालीतल्या वाड्यांमध्ये गौरीची आरास बघत फिरणाऱ्या बायका आठवल्या. तीच कुजबूज, “यांच्याकडचं गेल्या वर्षीपेक्षा बरं आहे हो.”

एकच व्यवहाराचं. चित्र असलेला पडदा स्टेजवर नको. हे पडदे जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेसाठी काढलेले असतात. चार फुटी स्टेज, त्यावर सिंहासनासारखा सोफा आणि मागे पडदा, म्हणजे फोटोत नवरदेवाच्या फेट्यातून बगळा उगवलेला दिसेल. स्टेजला कोरा सोनेरी घ्या. चित्राचा पडदा हवाच असेल तर आजी-आजोबा गाद्यांवर बसतात त्या कोपऱ्यात ठेवा.

प्रश्न: मी एका व्हिडिओत ऐकलं की जपानी पडदा उलटा ठेवला तर घरात मृत्यू होतो. आमच्याकडे रंगकाम करणाऱ्यांनी तो दोन दिवस उलटा ठेवला होता. आई घाबरली आहे. (सिडको)

उत्तर: आईला सांगा, गाडी उलटी चालवली आहे व्हिडिओवाल्यानं. जपानात माणूस गेल्यावर त्याच्या उशाशी पडदा वरचं खाली करून ठेवायची रीत आहे. मृत्यूनंतर नेहमीच्या गोष्टी उलट्या करायच्या, त्यातली ही एक. आपल्याकडेही असतंच की काही. पडदा उलटा केल्यानं काही होत नाही. रंगाचे शिंतोडे उडालेत का ते मात्र बघा, मला त्याची जास्त भीती वाटते.

प्रश्न: माझे गोव्याचे सहकारी म्हणतात, पोर्तुगीजमध्ये अशा पडद्याला ‘बियोंबो’ म्हणतात. जपानी शब्द गोव्याकडच्या भाषेत कसा? (नाशिक रोड)

उत्तर: तुमचे सहकारी बरोबर आहेत. ‘ब्योबू’चाच तो पोर्तुगीज उच्चार, आणि स्पॅनिशमध्येही हाच शब्द गेला. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजं गोव्याहून मलाक्का, मकाव करत नागासाकीला जायची. जपानी चित्रकारांना ही माणसं इतकी अजब वाटली की त्यांनी त्यांच्यावर पडदेच्या पडदे रंगवले: काळं जहाज, फुग्यासारख्या तुमानी, लांब नाकं, आणि कप्तानाच्या डोक्यावर छत्री धरणारे सावळे नोकर. त्या नोकरांत आफ्रिकेचे होते तसे हिंदुस्थानचेही. ते चेहरे मी प्रथम पाहिले तेव्हा बराच वेळ हलले नाही. कोकणातला कुणी पोरगा असेल का यातला, असं मनात आलंच.

याहून सरस गोष्ट ओदा नोबुनागाची. या सेनापतीनं आपल्या आझुची किल्ल्याचे आणि गावाचे चित्र असलेले पडदे वालिन्यानो नावाच्या पाद्र्याला दिले. १५८२ मध्ये चार जपानी मुलं युरोपच्या वारीला निघाली, त्यांच्याबरोबर ते पडदे गेले. १५८३ साली ही मंडळी गोव्यात होती. वालिन्यानो तिथेच राहिला, मुलं पुढे गेली, आणि १५८५ मध्ये रोमला पोपला पडदे भेट मिळाले. त्यानंतर ते बेपत्ता. किल्ला तर मुलं नागासाकीहून निघाली त्याच वर्षी जळाला होता. तो दिसायचा कसा, हे दाखवणारे पडदे मांडवीच्या काठावरून गेले आणि आज कुणालाच सापडत नाहीत.

प्रश्न: मी चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरांनी हासेगावा तोहाकूच्या पाईन वृक्षांच्या पडद्याचा फोटो दाखवला. मला त्यात काहीच दिसलं नाही. अर्ध्याहून जास्त कागद कोरा आहे. हे ग्रेट का? (गंगापूर गाव)

उत्तर: फोटोत दिसणारच नाही, तुझा दोष नाही. फोटोवाल्यानं पडदा सपाट केला.

तोहाकू १५३९ ते १६१० या काळातला. मूळ चित्र टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, सहा-सहा पानांचे दोन पडदे, एकेक साधारण १५७ सेंटिमीटर उंच आणि ३५६ सेंटिमीटर रुंद. नुसती शाई. सोनं नाही, रंग नाही. त्याच काळात किल्ल्यांमध्ये सोन्यावर सिंह आणि खोडं रंगवली जात होती, हे लक्षात ठेव. जवळ गेलीस तर झाड दिसतच नाही, कोरड्या, रागावलेल्या फटकाऱ्यांचा गुंता दिसतो. दहा पावलं मागे ये, की धुकं. आषाढात त्र्यंबकला जाऊन ब्रह्मगिरीकडे तोंड करून उभी राहा. आधी काहीच नसतं. मग एक कडा असतो. मग तो नसतो. ते ‘नसणं’ त्यानं कागद कोरा ठेवून काढलंय.

आता हे कर. सरांकडून फोटोची फाईल घे आणि एका पडद्याची लांब पट्टी छापून आण, तुमच्या कॉलेजजवळ झेरॉक्सवाला असेलच. तिचे सहा सारखे भाग पाड आणि घड्या घाल, एक आत, एक बाहेर. टेबलावर नको, जमिनीवर उभी कर आणि पालथी पडून डोळे तिच्या उंचीला आण. घडीच्या पुढे आलेल्या पानावरची झाडं तुझ्याकडे सरकतील, आत गेलेल्या पानावरची धुक्यात जातील. उजवीकडून डावीकडे बघत जा, आपल्या सवयीच्या उलट, ते तसंच वाचतात. ऋतूंचे पडदेही असेच: वसंत उजवीकडे, हिवाळा डाव्या टोकाला. मग घड्यांचा कोन थोडा बदल आणि पुन्हा बघ. झाडांमधलं अंतर बदलेल.

पट्टी फाटली तर घरी चीक आहे का विचार. मैद्याची खळही चालेल, पातळ कर.